आधी पाण्याला विचारू, मग बेत करू

(दहावी १९८२ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून तीन भाषणं झाली आहेत आणि मसालेभाताचा वास आता इथपर्यंत येतो आहे. त्यामुळे प्रस्तावना आवरती घेतो. पुढचं संमेलन सभागृहात न घेता नदीवर घ्यायचं, दोन दिवसांचं, मुलं, सुना, जावई, नातवंडं सगळ्यांना घेऊन, हा विषय आपल्या ग्रुपवर तीन महिने गाजतो आहे. कुणी देवकुंड म्हणतं, कुणी राफ्टिंग म्हणतं. कुणी म्हणतं, काही नको, लहानपणी डुंबायचो तसं डोहात डुंबू. मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली म्हणून समितीने फर्मान काढलं, "तू पाण्यातला माणूस, बेत तू मांड." तो मांडायला उभा आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. नदीचा बेत आपल्या सुट्टीवरून ठरवायचा नाही, पाण्यावरून ठरवायचा. पाणी कुठून येतं, ते कधी वाढतं, आणि आपण बाहेर कुठे पडणार, हे तीन प्रश्न आधी विचारायचे. हॉटेल, गाडी, जेवण, टी-शर्टाचा रंग हे सगळं त्यानंतर.

आपल्या कुंडलिकेपासूनच सुरुवात करू. उगमाकडे, भिऱ्याच्या डोंगरात पाऊस पडतो, तो नदीतून कोलाड, रोहा करत रेवदंड्याजवळ समुद्राला मिळतो, हे आपण भूगोलात शिकलो. ते खरंच आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं पाणी आपल्या डोंगराचं नाहीच. ते घाटावरचं आहे. मुळा नदीवर मुळशीला धरण बांधलं. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तो आपल्या बाईंनी इतिहासाच्या तासाला शिकवला होता. त्या धरणाचं पाणी बोगद्यातून आणि नळांमधून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं. हे वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. जे पाणी मुळा, मुठा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते वीज करून आपल्या नदीत येतं आणि अरबी समुद्राला जातं. वाटेत त्यावर पुन्हा एकदा, ८० मेगावॉटच्या दुसऱ्या प्रकल्पात, वीज केली जाते.

ही माहिती सहलीच्या बेतात कशाला, असं काही जणांच्या चेहऱ्यावर दिसतं आहे. सांगतो. कोलाडला बाराही महिने राफ्टिंग चालतं ते या पाण्यामुळे. जानेवारीत, एप्रिलमध्ये, आभाळात ढगाचा ठिपका नसताना आपल्या नदीला जोर येतो, कारण तिकडे वीज तयार होते आहे. आणि वीज थांबली की पाणी उतरतं. आपल्या आया-आज्या धुणं घेऊन नदीवर जाताना एकमेकींना विचारायच्या, "भिऱ्याचं पाणी आलं का गं?" त्यांना मेगावॉट ठाऊक नव्हते, पण नदी दिवसातून चढते आणि उतरते हे पक्कं ठाऊक होतं. आपण चाळीस वर्षं मुंबई-पुण्यात राहून ते विसरलो आणि आपल्या मुलांना तर ते कधी सांगितलंच नाही.

प्रत्येक नदीचं पाणी वेगळ्या घड्याळावर चालतं. ऋषिकेशला गंगेचं पाणी बर्फाचं आणि पावसाचं, म्हणून तिथे ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये राफ्टिंग बंद असतं. गोव्यात वाळपईच्या बाजूला म्हादईवर बरोबर उलटं. तिथे पावसाचंच पाणी, म्हणून राफ्टिंग पावसाळ्यातच चालतं. आपलं कोलाड विजेच्या पाण्यावर. तिन्ही ठिकाणी राफ्ट तीच, वल्हं तेच, पण ऋषिकेशला जाऊन आलेल्या माणसाने तिथला अनुभव जसाच्या तसा इथे लावला तर फसगत होते.

धरणाखालच्या नदीचं घड्याळ न कळल्याने काय होतं, याचं एक उदाहरण सांगतो आणि मग पुन्हा आनंदाच्या गोष्टींकडे वळतो. ८ जून २०१४. हिमाचलमध्ये मंडी जिल्ह्यात बियास नदी. हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची सहल. मुलं नदीपात्रातल्या खडकांवर फोटो काढायला उतरली होती. वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं आणि बघता बघता पात्र भरलं. २४ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचा सहलीचा माणूस वाहून गेले. ती मुलं पोहायला उतरली नव्हती, हे लक्षात घ्या. कोरड्या खडकांवर उभी होती. धरणाखालच्या नदीत कोरडा खडक म्हणजे पाण्याची रिकामी खुर्ची. पाणी कधीही येऊन बसू शकतं.

आता धबधबा. देवकुंडाचा आग्रह सगळ्यात जास्त आहे आणि तो योग्यच आहे. भिऱ्याजवळ, पाटणूसच्या बाजूने, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने आणि मग रानातून दीड-दोन तासांची चाल आहे. शेवटी तो उंच कडा, खाली निळंहिरवं कुंड. कुंडलिकेचा उगम तिथला मानतात. पण जुलैत जाऊ असं जे चाललंय, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. वाटेत ओढे ओलांडावे लागतात. वरच्या ताम्हिणी-मुळशीच्या माथ्यावर राज्यातला अतोनात पाऊस पडतो. खाली आपल्याला रिमझिम दिसते आणि वर ढग फुटल्यासारखा कोसळत असतो. जाताना घोट्यापर्यंत असलेला ओढा परतताना कमरेपर्यंत असतो. म्हणूनच दुर्घटनांनंतर प्रशासन पावसाळ्यात ही वाट बंद करत आलं आहे. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "ओळखीने सोडतात." ओळख पोलिसांशी असेल, ओढ्याशी नाही.

३० जून २०२४ ला लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्याची चित्रफीत आपण सगळ्यांनी पाहिली. पाण्याच्या मधोमध, एकमेकांना धरून उभी राहिलेली माणसं. आपल्यापैकी अनेकांना वाटलं, हात धरायला नको होते. हात धरल्याने ती गेली नाहीत. पाणी वाढायला लागल्यावर बाहेर पडायची वाट उरली नव्हती, म्हणून गेली. धबधब्याच्या पात्रात पाऊल टाकण्याआधी बघायचं ते हे, की पाणी हातभर वाढलं तर मी कुठल्या बाजूने बाहेर पडणार? उत्तर नसेल तर काठावर बसून भजी खायची. काठावरून धबधबा जास्त चांगला दिसतो.

पाणी वाढण्याआधी नदी निरोप पाठवते. स्वच्छ पाणी एकदम गढूळ होतं. काटक्या, पालापाचोळा वाहत येतो. आवाज बदलतो, घरघर येते. मघाशी दिसणारा दगड बुडतो. यातलं एक जरी दिसलं तरी चर्चा करायची नाही, फोटो पुरा करायचा नाही. उठायचं आणि उंचावर जायचं. चप्पल राहिली तर राहू दे.

कुंडात उतरणाऱ्यांसाठी आणखी एक. जिथे धार पडते तिथे पाणी पांढरं फेसाळ असतं. त्या फेसात हवा जास्त आणि पाणी कमी, त्यामुळे ते माणसाला तोलून धरत नाही. उत्तम पोहणाराही तिथे खाली जातो. शिवाय धारेबरोबर वरून दगड येतात. तेव्हा धारेखाली जायचं नाही. कडेच्या शांत पाण्यात, तेही लाइफ जॅकेट घालून.

मग डोहातलं पोहणं. इथे मला तुमचा सगळ्यांचा राग ओढवून घ्यायचा आहे. "आपल्याला पोहता येतं" हे वाक्य आपल्या वयात धोक्याचं आहे. आपण पाठीला सुका भोपळा बांधून शिकलो, वडाच्या फांदीवरून मुटके मारले, सगळं कबूल. पण तेव्हा आपलं वजन पस्तीस किलो होतं आणि दम अख्ख्या गावाला पुरेल इतका होता. आज आपल्यातल्या दोघांच्या छातीत स्टेंट आहेत, चौघींचे गुडघे बदललेले आहेत, आणि जिने चढताना कोण किती वेळा थांबतं हे आज सकाळीच सगळ्यांनी पाहिलं. आणि नदी? पूर दर पावसाळ्यात तळ बदलतो. जिथे आपण सूर मारायचो तिथे आज वाळू असेल, दगड असेल, झाडाचं खोड अडकलेलं असेल. म्हणून सूर मारणं, उडी मारणं बंद. पायाने चाचपत, तळ समजून घेत उतरायचं.

नातवंडांचा प्रश्न वेगळा. ती तरणतलावात शिकलेली आहेत. दमलं की भिंत धरायची, उभं राहिलं की पाय टेकतो, तळ दिसतो, पाणी एका जागी राहतं. नदीत यातलं काहीच नाही. पंचवीस मीटरचे दहा फेरे मारणारा मुलगा वाहत्या पाण्यात दोन मिनिटांत घाबरतो, कारण पाणी त्याला विचारत नाही. त्यांना उतरवण्याआधी शिकवू या, की ओढ लागली तर नदीच्या उलट पोहायचं नाही. उताणं व्हायचं, पाय पुढे नदीच्या उताराकडे, बोटं पाण्याच्या वर, आणि हाताने तिरकं तिरकं काठाकडे सरकायचं. आणि वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाऊल दोन दगडांत अडकलं की मागचं पाणी माणसाला वाकवतं. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. गुडघाभर जोराचं पाणी धडधाकट माणसाला पाडतं ते यामुळे.

पोहण्याच्या जागा दोन प्रकारच्या नकोतच. एक, बंधाऱ्याजवळ. डोलवहाळचा बंधारा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. जिल्ह्याच्या पूर अहवालात कुंडलिकेची पातळी तिथलीच देतात. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी पायथ्याशी गोल फिरतं आणि पडलेल्या वस्तूला पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढतं. वरून ते अगदी गरीब दिसतं. दोन, रोह्याच्या खालच्या अंगाला. तिथे खाडीची भरती-ओहोटी, गाळ आणि कारखान्यांचा शेजार. तिथे पोहण्यात मौज नाही.

आता राफ्टिंग. कोलाडला ते सकाळीच होतं, कारण पाणी सकाळी मिळतं. साजे गावाच्या आसपास राफ्ट पाण्यात सोडतात आणि साधारण बारा किलोमीटर, दीड-दोन तास आपण नदीत असतो. प्रवाह मध्यम जोराचा आहे. भिजवतो, ओरडायला लावतो, पण नवख्याला झेपतो. मधूनमधून संथ पट्टे आहेत, तिथे मार्गदर्शक सांगेल तेव्हा जॅकेटसह पाण्यात तरंगता येतं. माझ्या मते आपल्या वयाला मोकळ्या पोहण्यापेक्षा हेच बरं. नदीत उतरल्याचा आनंद पुरा, आणि जबाबदारी रोज ती नदी पाहणाऱ्याच्या हाती.

पण त्याच्या हाती देण्याआधी त्याला प्रश्न विचारायचे. उद्या पाणी किती वाजता येणार आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं? पाणी आलंच नाही तर पैसे परत की दुसरी तारीख? प्रत्येक राफ्टवर प्रशिक्षित मार्गदर्शक आहे का? सोबत वाचवायला कयाक आणि फेकायचा दोर आहे का? मुलांच्या मापाची जॅकेटं आणि हेल्मेटं आहेत का? वयाची अट काय? या प्रश्नांना जो कंटाळेल त्याच्याकडे जायचं नाही. आणि जो "काका, काही होत नाही" म्हणेल, त्याच्याकडे तर मुळीच नाही.

आपणही त्याला खरं सांगायचं. हृदयविकार, फिट येणं, मणक्याचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण हे लपवायचं नाही. यासाठी आपली डॉक्टर मैत्रीण एक अर्ज तयार करणार आहे. तो फक्त तिच्याकडे जाईल, ग्रुपवर येणार नाही. ती ज्याला नाही म्हणेल तो राफ्टमध्ये बसणार नाही आणि त्याची थट्टाही होणार नाही. तसंच ज्याला मनातून नको आहे, त्याला "चल रे, घाबरतोस काय" म्हणायचं नाही. आपल्या वर्गात ते वाक्य पुष्कळ चाललं. आता ते शाळेतच ठेवू या.

तर माझा बेत असा. जानेवारीतला तिसरा शनिवार-रविवार. पाऊस संपून तीन महिने झालेले, रान अजून हिरवं, पाणी नितळ, ऊन सोसवेल असं. धबधब्याची धार पावसाळ्यापेक्षा बारीक असेल, पण कुंडापर्यंत निर्धास्त जाता येईल. मुंबईकरांनी महामार्गाने किंवा कोकण रेल्वेने कोलाडला यायचं, पुणेकरांनी ताम्हिणी घाटाने.

शनिवारी सकाळी लवकर, ज्यांचे पाय चालतात त्यांनी स्थानिक वाटाड्या घेऊन देवकुंड. दुपारी दोनच्या आत परतीला लागायचं, अंधाराआधी सगळे गाडीत. बाकीच्यांनी सुतारवाडीच्या तलावाकाठी गप्पा. संध्याकाळी पोपटी. जानेवारी म्हणजे वालाच्या शेंगांचे दिवस. मडकं, भांबुर्ड्याचा पाला आणि जाळ याची जबाबदारी गावात राहिलेल्या मंडळींनी घेतली आहे. पेयपान करणाऱ्यांनी रात्रीच आटपायचं, कारण रविवारी सकाळी ज्याच्या तोंडाला वास येईल तो काठावर बसेल. शनिवारी रात्री मार्गदर्शकाकडून पाण्याची वेळ पक्की करायची आणि रविवारचा सगळा कार्यक्रम त्या वेळेवर लावायचा. उलट नाही. पाणी नऊला आलं तर नाश्ता आधी, सातला आलं तर नाश्ता नंतर.

नदीवर शाळेचाच नियम चालेल, जोडीचा. प्रत्येकाचा एक जोडीदार. दर पंधरा मिनिटांनी शिट्टी, शिट्टी झाली की जोडीदाराचा हात वर. शिट्टी आपल्या पीटीच्या सरांनीच वाजवावी अशी विनंती आहे. सर, तुमच्या शिट्टीला आम्ही अजून घाबरतो. मोठ्यांपैकी दोघे आळीपाळीने पाण्याबाहेर, कोरडे, नदीच्या वरच्या बाजूला तोंड करून उभे राहतील. त्यांच्या हाती मोबाइल नसेल, दोर असेल. कुणी बुडताना दिसलं तर मागे उडी टाकायची नाही. काठी, दोर, ओढणी, झाकण लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेकायचं. नदीवर एकामागोमाग दोघं-तिघं जातात ती वाचवायला गेलेली असतात. साडी, ओढणी, जीन्स घालून कुणी पाण्यात उतरणार नाही. भिऱ्याकडे फोनला रेंज मिळेल असं धरून चालायचं नाही, म्हणून किती जण, कुठे आणि परत कधी, हे लिहून गावात एका घरी ठेवून जायचं. मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८, हे नंबर मुलांनाही पाठ हवेत.

इतके नियम ऐकून कुणी म्हणेल, मग मजा कधी करायची? अरे, मजा याच्यामुळेच येते. पाण्याची वेळ ठाऊक असलेला माणूस निवांत डुंबतो. आपल्या आज्या दगडावर धुणं आपटत तासन्‌तास गप्पा मारायच्या, त्या बेफिकीर होत्या म्हणून नव्हे. नदी कधी उठवणार हे त्यांना माहीत होतं म्हणून. ते शहाणपण आपल्या नातवंडांच्या हाती देण्याची आपली ही बहुतेक शेवटचीच धडधाकट वर्षं आहेत. पुढे त्यांना नदी दाखवायची म्हटलं तर आपण खुर्चीतून दाखवू. यंदा हात धरून पाण्यात नेता येईल.

तर समितीला विनंती, जेवणानंतर जुलै की जानेवारी यावर हात वर करून मत घ्या. येणाऱ्यांनी नावं, वयं आणि पोहता येतं की नाही, हे दिवाळीपर्यंत कळवा. "येतं" लिहिताना शेवटचं कधी पोहलात तेही लिहा. आणि सर, बाई, तुम्ही दोघांनी यायचंच आहे. तुमच्यासाठी काठावर सावलीतल्या खुर्च्या आत्तापासून राखून ठेवल्या आहेत.

चला, पंगत वाट पाहते आहे.